सोळा फुटी होडी आणि पाण्यावरच्या फळ्या

एप्रिलच्या अखेरीला ओहायो आणि मिशिगनच्या किनाऱ्यांवरून ईरी सरोवरात उतरणाऱ्या होड्यांपैकी पुष्कळशा जेमतेम सोळा-सतरा फुटांच्या असतात. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, मागे मोटर, आत दोघं किंवा तिघं. होडीची रुंदी दोन मीटरच्या आसपास. पण पाण्यावर नीट पाहिलं तर होडीच्या दोन्ही अंगांना, वीस-तीस मीटर दूर, भडक पिवळ्या किंवा नारिंगी रंगाच्या फूटभर लांबीच्या फळ्या होडीच्याच वेगाने पुढे सरकताना दिसतात. प्रत्येक फळीमागे एक दोर पाण्यात उतरलेला असतो आणि त्याच्या टोकाला आमिष असतं. या फळ्या म्हणजे प्लेनर बोर्ड. चालत्या होडीमागे आमिष ओढून मासे धरायच्या पद्धतीला ट्रोलिंग म्हणतात. आपल्याकडच्या ट्रॉलरवरची जाळ्याची मासेमारी वेगळी. दोन मीटर रुंदीच्या होडीला पन्नास-साठ मीटर रुंदीचा पट्टा चाळता यावा, हे या फळ्यांचं काम.

प्रश्न असा आहे की हा सगळा सरंजाम छोट्या होडीवर बसवायचा कसा, आणि किती. ही पद्धत घडली ती मुख्यतः गिऱ्हाइकं घेऊन जाणाऱ्या पंचवीस-तीस फुटी चार्टर बोटींवर. तिथे हाताखाली माणूस असतो, उंच कठडे असतात, फिरायला जागा असते. तिथला सल्ला जसाच्या तसा सोळा फुटी होडीवर आणला की डोलकाठी येते, मोठ्या फळ्या येतात, बाराएक गळकाठ्या येतात, त्यांना पुरेल इतकी बॅटरी येते, आणि होडी पाण्यात खाली बसते. म्हणून या प्रश्नाचा आढावा घेताना कोणत्या फळीला जास्त मासे लागतात यापेक्षा होडीतल्या माणसाला किती वेळा जागा सोडून उठावं लागतं, हे मोजणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आधी या मासेमारीचा इतिहास, कारण छोट्या होड्यांची ही गर्दी त्यातूनच आली. वेलंड कालव्याच्या वाटेने सी लॅम्प्रे हा रक्तशोषक मासा नायगाराचा धबधबा टाळून वर चढला आणि 1921 मध्ये ईरीत सापडला. पुढच्या तीसेक वर्षांत त्याने वरच्या सरोवरांतला लेक ट्राउट जवळजवळ संपवला. मोठा शिकारी मासा गेल्यावर एलवाइफ नावाचा छोटा, चंदेरी मासा बेसुमार वाढला. 1967 च्या उन्हाळ्यात शिकागोच्या किनाऱ्यांवर मेलेल्या एलवाइफच्या थरांची दुर्गंधी पसरली होती. लॅम्प्रेच्या पिल्लांवर चालणारं रसायन 1958 पासून वापरात आलं होतं. त्यामुळे मिशिगन राज्याच्या मत्स्य विभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांना एक धाडस करता आलं. ओरेगनहून आणलेल्या अंड्यांपासून वाढवलेले कोहो सॅमन त्यांनी 1966 च्या वसंतात मिशिगनच्या नद्यांत सोडले. एलवाइफवर पोसून ते इतक्या झपाट्याने वाढले की पुढच्याच वर्षी शरदात मिशिगनमधल्या फ्रँकफर्ट गावाच्या आसपास हजारो हौशी मासेमार मिळेल ती होडी घेऊन मिशिगन सरोवरात लोटले.

23 सप्टेंबर 1967 रोजी अचानक वादळ उठलं. छोट्या होड्या लाटांत उलटल्या आणि सात जण बुडाले. ग्रेट लेक्सवरच्या आधुनिक ट्रोलिंगचा हा आरंभ आहे. सॅमनची वर्णनं लोक आवडीने सांगतात. हा दिवस मात्र छोट्या होडीच्या सरंजामाबद्दल बोलताना सगळ्यात आधी आठवायला हवा.

सॅमनसाठी खोल पाण्यात वजन सोडणारे डाउनरिगर आले. फळ्यांची गरज पडली ती वरच्या थरातल्या माशांसाठी: वसंतात किनाऱ्यालगत येणारे सॅमन आणि ब्राउन ट्राउट, आणि ईरीचा राजा वॉलाय. ईरीचं पश्चिम खोरं सरासरी साडेसात मीटरच खोल आहे. मॉमी आणि सँडस्की नद्यांत आणि तिथल्या खडकाळ उंचवट्यांवर वॉलाय वसंतात अंडी घालतात आणि मग हळूहळू पूर्वेच्या खोल पाण्याकडे निघतात. इतक्या उथळ पाण्यात होडी डोक्यावरून गेली की मासे बाजूला सरतात. होडीच्या थेट मागे ओढलेलं आमिष मग रिकाम्या झालेल्या वाटेवरून जातं. 1988 मध्ये लेक सेंट क्लेअरमध्ये झेब्रा शिंपले सापडले, पाठोपाठ क्वागा आले. शिंपल्यांनी पाणी गाळून स्वच्छ केलं आणि मासे आणखी सावध झाले. मॉमीचा गाळ आला किंवा उन्हाळ्याच्या शेवटी शेवाळ माजलं की पश्चिम खोरं पुन्हा गढूळ होतं आणि माशांना होडीची तितकी भीती राहत नाही. तेव्हाही फळ्या उपयोगी पडतात, पण त्या गळ फाकवण्यासाठी, म्हणजे दोर एकमेकांत न गुंतता जास्त रुंदी चाळण्यासाठी.

फळी बाजूला का जाते हे पतंगावरून कळतं. पतंगाचा कणा आणि दोऱ्याचा बांध यांच्यातल्या कोनामुळे वारा त्याला वर ढकलतो. फळी हा पाण्यातला आडवा पतंग आहे. तिचं पुढचं टोक तिरपं कापलेलं असतं आणि दोर तिला मध्याच्या पुढे पकडतो, त्यामुळे पाण्याचा दाब तिला सतत होडीपासून दूर सारतो. तळाला वजन असतं म्हणून ती उभी राहते. डावी फळी डावीकडेच जाते आणि उजवी उजवीकडे. उलटी लावली तर ती होडीच्या अंगावर येते. फळीवर बाजू लिहिलेली असते ती वाचून लावावी.

कल्पना जुनीच आहे. नॉर्वेत डोंगरी तळ्यांवर काठाने चालत, दोरीला बांधलेली फळी पाण्यात पुढे सोडून ट्राउट धरायची पद्धत होती, तिला ओटर म्हणत. ब्रिटनमध्ये तीच युक्ती चोरट्या मासेमारांच्या हाती पडली. इंग्लंड आणि वेल्सच्या 1975 च्या सॅमन आणि गोड्या पाण्यातल्या मासेमारीच्या कायद्यात तिच्यावर नाव घेऊन बंदी आहे. पहिल्या महायुद्धात पाणसुरुंगांचे नांगरदोर कापण्यासाठी जहाजाच्या दोन्ही अंगांना ओढले जाणारे पॅराव्हेन याच तत्त्वावर चालत. आणि रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरच्या मागे टांगलेल्या दोन जड फळ्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना वेगळं सांगायला नको: समुद्राच्या तळाशी जाळ्याचं तोंड फाकवून धरणाऱ्या त्या फळ्या आणि ईरीवरची ही नारिंगी फळी एकाच घराण्यातल्या आहेत. कोकणातल्या फळ्या मागे किती उजाड तळ ठेवतात यावर आपल्याकडे रास्त वाद आहे. ईरीवरची फळी तळाला शिवत नाही आणि तिच्या मागे एकच आमिष असतं, हा फरक मला मोलाचा वाटतो.

आता मूळ वाद. फळ्या लावायचे दोन मार्ग आहेत आणि प्रत्येकाचे कट्टर पाठीराखे आहेत.

पहिला मार्ग मोठ्या जोडफळ्यांचा. दोन-तीन फळ्या समांतर जोडून केलेलं एक ओझं डावीकडे आणि एक उजवीकडे सोडतात. ते जाड दोराने होडीला बांधलेलं असतं आणि हा दोर नाळेवरच्या, माणसाएवढ्या किंवा त्याहून उंच डोलकाठीवरच्या रिळातून जातो. गळाच्या दोराला एक क्लिप लावतात, क्लिपची कडी त्या जाड दोरावर अडकवतात आणि ती सरकत सरकत बाहेर जाते. मग दुसरी, मग तिसरी. मासा लागला की गळाचा दोर क्लिपमधून सुटतो आणि माणूस थेट माशाशी खेळतो. मध्ये फळी नसते. हा या पद्धतीचा खरा आनंद आहे आणि तिचे चाहते तो भरभरून सांगतात, त्यात काही खोटं नाही. जोडफळ्या जड ओढ सहन करतात, मोठ्या लाटांतही बाहेर टिकतात, एका बाजूला पाच-सहा दोर सहज पेलतात. डोलकाठी उंच असल्याने ओढीचा दोर लाटांच्या वर राहतो.

सोळा फुटी होडीवर यातली प्रत्येक गोष्ट उलटते. डोलकाठी नाळेवर, म्हणजे होडीच्या सर्वांत अरुंद आणि सर्वांत जास्त उडणाऱ्या भागावर बसते. जोडफळीची ओढ तिच्या टोकावर येते आणि खालच्या पत्र्यावर तिचा ताण कित्येक पटीने पडतो. पुष्कळ जण पुढच्या खुर्चीच्या खोबणीतच डोलकाठी बसवतात. ती खोबण बसणाऱ्याचं वजन खाली पेलण्यासाठी केलेली असते, दोन्ही बाजूंची आडवी ओढ तिने सोसावी अशी अपेक्षा नसते. गवत अडकलं, फळी उलटली, दुसरी होडी ओढीच्या दोरावरून गेली, की कोणाला तरी नाळेवर जाऊन उभं राहावं लागतं. मागे एक माणूस मोटर धरून, एक मासा काढतोय, आणि तिसरा पुढे उभा: छोट्या होडीत यापेक्षा वाईट मांडणी नाही. जोडफळ्यांचा सगळ्यात मोठा गुण म्हणून सांगितलं जातं की तीन-चार फुटी लाटांत त्या छोट्या फळ्यांपेक्षा चांगल्या चालतात. ते खरं आहे. पण तीन-चार फुटी लाटांत सोळा फुटी होडी सरोवरात नसावी. ज्या दिवशी त्या फळ्यांची गरज पडते, तो दिवस या होडीचा नव्हेच.

दुसरा मार्ग छोट्या, एकेरी फळ्यांचा. या गळाच्या दोरावरच चिकटतात. आमिष हवं तितकं मागे सोडायचं, फळी पुढच्या आणि मागच्या क्लिपने दोराला लावायची, पाण्यात ठेवायची आणि रीळ मोकळं करायचं. फळी आपली आपण बाहेर जाते. मागच्या क्लिपच्या मध्यात खुंटी असते, तिच्याआड दोर राहतो, त्यामुळे पुढची क्लिप सुटली तरी फळी हरवत नाही. मासा लागला की फळी मागे पडते, डुगडुगते, कधी पाण्याखाली जाते. माणूस फळीसकट दोर गुंडाळत राहतो, फळी हाताशी आली की दोन्ही क्लिप दाबून ती काढतो आणि उरलेला दोर ओढतो. ना डोलकाठी, ना जाड दोर, ना नाळेवर जाणं. सगळा खर्च म्हणजे एका फळीचे साधारण चाळीस डॉलर.

तक्रार एकच आणि ती योग्य आहे: फळी काढताना दोर सैल पडला तर मासा जातो. उपाय होडी चालवणाऱ्याच्या हाती आहे. मासा येत असताना मोटर बंद करायची नाही, वेग थोडा कमी करायचा. होडी पुढे जात राहिली की दोर ताणलेला राहतो आणि बाकीच्या फळ्याही जागेवर राहतात. मोटर थांबवली की सगळ्या फळ्या एकदम ढिल्या पडतात आणि एका माशापायी चार दोरांचा गुंता होतो. नवशिक्या होडीवर हा प्रकार हमखास दिसतो, कारण मासा लागल्यावर थांबावंसं वाटणं स्वाभाविक आहे.

एकेरी फळ्यांमध्ये एक सुधारणा मला फार उपयोगाची वाटते. मूळ फळीवर निशाण घट्ट बसवलेलं असतं. सुधारित प्रकारात निशाण स्प्रिंगवर असतं आणि मागून जास्त ओढ लागली की खाली झुकतं. मोठा मासा लागला तर फळीच सांगते. पण हाताएवढं पिल्लू लागलं किंवा गवताचा पुंजका अडकला तर साधी फळी जराही हलत नाही, आणि ते आमिष तासभर फुकट ओढलं जातं. झुकणारं निशाण ते दाखवतं. छोट्या होडीवर चारच दोर असतात. त्यातला एक निकामी असणं म्हणजे पाव मेहनत वाया.

दोर कोणता वापरावा यावर पानंच्या पानं लिहिली जातात. थोडक्यात, दहा ते वीस पौंडी मोनोफिलामेंट फळीला सोयीचा: क्लिपच्या रबरात नीट बसतो आणि थोडा ताणला जात असल्याने माशाचे झटके पचवतो. विणलेला बारीक दोर साध्या क्लिपमधून घसरतो. त्याच्यासाठी जबर पकडीची क्लिप तरी हवी, नाहीतर दोराला पीळ देऊन तो अडकवावा लागतो. दोराची लांबी मोजणारं रीळ मात्र घ्यावंच. आमिष किती मागे आहे हे ठाऊक नसेल तर एकदा मासा लागल्यावर तेच पुन्हा कसं करायचं हे कळत नाही.

होडीवरच्या बसवणुकीकडे येऊ, कारण खऱ्या चुका तिथेच होतात. गळकाठीची खोबळी कठड्यावर नुसत्या स्क्रूने बसवली तर पातळ पत्रा फाटतो. फळीची ओढ सतत असते, त्यात लाटेचा हिसका मिसळतो, आणि आठ-नऊ फुटी काठी त्या हिसक्याला तरफेसारखं बळ देते. कठड्याच्या आतून जाड पट्टी देऊन आरपार बोल्ट मारणं हाच उपाय. त्याहून चांगलं म्हणजे कठड्याला समांतर लांब अ‍ॅल्युमिनियमची रूळपट्टी बसवायची आणि खोबळ्या तिच्यावर सरकत्या ठेवायच्या. ओढ सगळ्या पट्टीवर वाटली जाते, आणि दोघांच्या बसण्याच्या जागा बदलल्या तर खोबळ्याही सरकवता येतात. काठ्या उभ्या ठेवाव्यात, टोकं उंच, म्हणजे फळीपर्यंतचा दोर पाण्याला लागत नाही. सगळ्यात बाहेरच्या फळीची काठी अशी ठेवावी की तिचा दोर आतल्या दोरांच्या वरून जाईल. मासा लागून ती फळी मागे पडली की आतल्यांना न शिवता ओढता येते.

दोघांच्या होडीला बाजूला दोन अशा चार फळ्या पुरेत. कायदा कधी जास्त काठ्यांची परवानगी देतो, मिशिगनमध्ये माणशी तीन. मिनेसोटाच्या आतल्या तळ्यांवर उन्हाळ्यात माणशी एकच. सहा काठ्यांची मुभा आहे म्हणून सहा लावाव्यात असं नाही. पाचवी-सहावी काठी मासे थोडे वाढवते आणि गोंधळ फार. हे मत पुष्कळांना पटत नाही, पण मी त्यावर ठाम आहे.

वजनाचा प्रश्न याहून गंभीर आहे. अमेरिकेत वीस फुटांखालच्या मोटरबोटींवर किती माणसं, किती वजन, किती ताकदीची मोटर हे सांगणारी पाटी असावी लागते. ट्रोलिंगसाठी सजवलेल्या होडीत मुख्य मोटर, शेजारी हळू चालण्यासाठी दहाएक अश्वशक्तीची छोटी मोटर, तिचं चाळीस-पन्नास किलो वजन, इंधनाची टाकी, दोन-तीन शिशाच्या बॅटऱ्या, सगळं मागेच येतं. त्यात दोघं माणसंही मागेच बसतात. मागचा कठडा पाण्याच्या जवळ येतो, आणि ट्रोलिंग बहुतेक लाटांच्या दिशेनेच चालतं, म्हणजे लाट मागून येते. पाटीवरचा आकडा ओलांडलेला नसला तरी वजन कुठे आहे यावर सगळं अवलंबून असतं. बॅटऱ्या मध्यावर किंवा पुढे हलवणं हे कंटाळवाणं काम आहे. जाड तारा ओढाव्या लागतात, तळाच्या पाट्या उखडाव्या लागतात. तरी ते एकदा करावं. लिथियमच्या बॅटऱ्या महाग, पण वजन निम्म्याहून कमी, त्यामुळे छोट्या होडीला त्या चैन म्हणता येत नाहीत.

गेल्या काही वर्षांत छोट्या होडीचं चित्र सगळ्यात जास्त बदललं ते नाळेवर बसणाऱ्या, उपग्रहाच्या मदतीने दिशा धरणाऱ्या विजेच्या मोटरीने. ती ठरलेल्या रेषेवर, ठरलेल्या वेगाने होडी नेते आणि दोन्ही हात मोकळे होतात. दोघांच्या होडीत ती तिसऱ्या माणसाचं काम करते. जोरदार वाऱ्यात तिची ताकद कमी पडते आणि बॅटरी लवकर उतरते. तिथे मागची छोटी मोटर हवी. दोन्ही असणं उत्तम, पण दोन्हींचं वजन पेलत नसेल तर शांत पाण्यातच मासेमारी करणाऱ्याने विजेची मोटर निवडावी, असं माझं मत.

वेग हा फळीचाही जीव आणि आमिषाचाही. थंड पाण्यात वॉलायसाठी तासाला दीड मैलाच्या आसपास, म्हणजे अडीच किलोमीटर. उन्हाळ्यात डुबकी मारणाऱ्या आमिषांना दोन-अडीच मैल. गांडुळाच्या फिरत्या पात्याला एक ते दीड. सॅमनच्या चमच्यांना दोन-अडीच मैलांहून थोडा जास्त. फार हळू गेलं तर फळी बाहेर टिकत नाही. मोठ्या मोटरीवर हा वेग खाली येत नसेल तर होडीच्या बाजूंना पाण्यात कापडी पिशव्या सोडून ती रोखतात. पिशव्या स्वस्त आणि कामाच्या आहेत, फक्त त्यांची दोरी पंख्यापर्यंत पोचणार नाही इतकी आखूड ठेवावी. उपग्रहाच्या मदतीने मोजलेला, पडद्यावर दिसणारा वेग जमिनीच्या हिशोबाचा असतो, पाण्यातल्या प्रवाहाचा त्यात हिशोब नसतो. म्हणून आमिषाची थरथर काठीच्या टोकावर पाहायची सवय लावावी.

वळणावर फळ्या फुकट शिकवतात. होडी डावीकडे वळली की उजवीकडची बाहेरची फळी मोठा फेरा घेते आणि वेगाने जाते, डावीकडची जवळजवळ थांबते आणि तिचं आमिष वर-खाली होतं. वळणात कोणत्या बाजूला मासा लागला यावरून त्या दिवशी वेग वाढवायचा की कमी करायचा हे ठरवता येतं. वळण मात्र मोठं घ्यावं. आतली फळी थांबली की बाकीचे दोर तिच्यावर येऊन पडतात.

खोली साधायला अनेक युक्त्या आहेत. आमिषांच्या प्रकारानुसार किती दोर सोडल्यावर किती खोल जातं याचे तक्ते छापील मिळतात. आमिष पन्नास फूट सोडून दोराला छोटं वजन चिमटवायचं आणि आणखी पन्नास फूट सोडून फळी लावायची, ही पद्धत ईरीवर रुळलेली आहे. शिशाचा गाभा असलेला दोर दर दहा यार्डांवर रंग बदलतो आणि साधारण दोन मैलांच्या वेगाने प्रत्येक रंगामागे पाचेक फूट खोल जातो. डिप्सी डायव्हर नावाची वाटोळी चकती खालीही नेते आणि थोडी बाजूलाही. फळ्यांच्या आत, होडीजवळ, तिला जागा आहे. ज्यांना फळ्या नकोतच त्यांच्यासाठी ती सगळ्यात साधी वाट. पण तिने मिळणारी रुंदी फळीच्या मानाने फारच थोडी आणि उथळ पाण्यात तिचा उपयोग कमी.

वॉलायचं पीक गेल्या दशकात ईरीत चांगलं आहे. 2003 नंतर 2015 आणि 2018 मध्ये पिल्लं मुबलक जगली आणि त्यांचा फायदा मासेमारांना आजही मिळतो. डेट्रॉइट, क्लीव्हलंड, शिकागोच्या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी घरांना हा मासा तळताना फारसं शिकावं लागत नाही; काटे थोडे, मांस पांढरं आणि घट्ट, हळद-तिखट-मीठ लावून रव्यात घोळवून तळला तर पापलेट नसल्याची खंत कमी होते. मासा इतका असताना लोक छोटी होडी घेतात, फळ्या घेतात, आणि वसंतातल्या पहिल्या उबदार रविवारी निघतात, हे अगदी समजण्यासारखं आहे.

मात्र त्या दिवशी हवा उबदार असते, पाणी नसतं. मे महिन्याच्या आरंभाला या सरोवरांचं पाणी अजून बर्फाच्या आठवणीत असतं. त्यात पडलेल्या माणसाचे हात काही मिनिटांत निकामी होतात, पोहता येत असलं तरी. ईरी नैर्ऋत्य-ईशान्य असं लांबट पसरलं आहे आणि इथला नेहमीचा वारा त्याच रेषेत वाहतो. उथळपणामुळे लाटा आखूड आणि उभ्या उठतात, दोन लाटांमध्ये छोट्या होडीला सावरायला अंतर मिळत नाही. सव्वीस फुटांपर्यंतच्या बोटींवर चालकाने मोटर बंद करणारी दोरी स्वतःला अडकवण्याचा नियम 1 एप्रिल 2021 पासून आहे, पण तो वेगात जाताना लागू होतो. ट्रोलिंगच्या संथ वेगाला त्यातून सूट आहे. नेमकं तेव्हाच माणूस सीटवरून उठतो, फळी काढायला वाकतो, जाळी घेऊन कडेला येतो. एकटा असेल आणि पडला तर होडी चार फळ्या घेऊन शांतपणे पुढे निघून जाते. कायद्याने सूट दिली म्हणून ती घेऊ नये.

फळ्या लावणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: दोन्ही बाजूंना पसरलेल्या त्याच्या होडीची खरी रुंदी शेजारच्या होडीला दिसत नाही. उंच निशाणं, भडक रंग, आणि गर्दीत फळ्या आत घेणं एवढंच तो करू शकतो. शनिवारी सकाळी गर्दीच्या जागी पन्नास मीटर बाहेर फळ्या सोडणं हा दुसऱ्यांवर अन्याय आहे आणि बहुतेक वेळा स्वतःचे दोर कापून घेण्याचा मार्गही.

ज्यांच्याकडे चौदा ते सतरा फुटी होडी आहे आणि यंदा फळ्या लावायचा विचार आहे, त्यांना माझं सांगणं असं. डोलकाठी आणि जोडफळ्या घेऊ नका. झुकत्या निशाणाच्या दोन एकेरी फळ्या, एक डावी आणि एक उजवी, एवढ्यानेच पहिला हंगाम काढा. दोन्ही अंगांना रूळपट्टी आरपार बोल्टाने बसवून घ्या, बॅटऱ्या पुढे सरकवा, आणि दोन फळ्या गुंता न होता चालू लागल्यावर आणखी दोन आणा. उरलेले पैसे दुसऱ्या कशावर खर्च करण्याआधी अंगावर दिवसभर घालता येईल असं चांगलं लाइफ जॅकेट घ्या, आणि धक्क्यावरून निघायच्या आधीच ते घाला.